गादी कुणाची, पाठ कुणाची?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गादी हा आपल्या मराठीतला मोठ्या मानाचा शब्द आहे. साताऱ्याची गादी, कोल्हापूरची गादी म्हटलं की आपण जरा सावरून बसतो. मठाला गादी असते, पेढीवर शेटजींची गादी असते. महाराष्ट्र केसरीच्या कुस्त्यांमध्येसुद्धा एक माती विभाग असतो आणि एक गादी विभाग. राजा गादीवर बसतो, महंत गादीवर बसतो, शेटजी बसतात, पैलवान तिच्यावर भिडतो. मला आज ज्या गादीबद्दल बोलायचं आहे ती यांतली कुठलीच नाही. दिवसभराचं काम आटोपल्यावर माणूस ज्या गादीवर नुसता अंग टाकतो, तिच्याबद्दल बोलायचं आहे. त्यातही जी माणसं उताणी किंवा पालथी झोपतात आणि सकाळी ज्यांची कंबर धरते, त्यांनी गादी कशी पारखून घ्यावी, एवढाच माझा विषय.

कवी माणसाला हे कुणी सांगितलं, असं काहींच्या मनात येईल. त्याला दोन कारणं आहेत. पहिलं म्हणजे माझ्या आजोळी पिढीजात पिंजाऱ्याचं काम. पिंजारी, नदाफ, मन्सुरी अशा नावांनी आमची माणसं महाराष्ट्रात गावोगावी आहेत. दुसरं कारण म्हणजे गेल्या वर्षी आमच्या घरातली गादी बदलली. ती बदलायला आम्हाला तब्बल चार महिने लागले. त्या चार महिन्यांत जे वाचलं, विचारलं, दाबून पाहिलं, ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

आमचा यवतमाळ जिल्हा कापसाचा. दिवाळीनंतर नवा कापूस घरात आला की लोकांना गाद्यांची आठवण व्हायची, आणि मग आमच्या मामूला बोलावणं यायचं. खांद्यावर ते लांबलचक धनुष्य, त्याला ताणून बांधलेली तात, हातात लाकडी ठोकळा. अंगणात सावलीला बसून मामू तातीवर ठोकळा मारायचा, तात थरथरायची आणि चेपून दगड झालेला कापूस धुक्यासारखा वर उडायचा. त्या आवाजात एक लय होती. माझ्या कानावर पहिला छंद पडला असेल तर तो तोच. पुढे वाऱ्यासारखी फिरणारी पिंजण्याची यंत्रं आली, मामूचं धनुष्य छपराला टांगलं गेलं. पण मला आज आठवतात ते मामूचे प्रश्न. काम सुरू करण्याआधी तो घरच्यांना विचारायचा, गादी कुणासाठी? अंगानं भारी की हलका? कंबर दुखते का? पलंगावर टाकणार की जमिनीवर? त्यावरून तो रुई किती घालायची ते ठरवायचा. एका माणसाच्या गादीला दहा-बारा किलो रुई लागायची. भारी माणूस असला तर रुई ठासून भरायची, दाभणानं टाके जवळ जवळ घालायचे, म्हणजे गादी घट्ट राहते. हलकं माणूस असलं तर टाके थोडे विरळ. गादीपाटाच्या त्या पट्टेरी कापडात मामू कापूस भरायचा तो एका विशिष्ट माणसाच्या अंगाचा हिशेब करून.

आता यातली दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मामू एवढं विचारून जी गादी भरायचा, तिच्यावर झोपायचं कोण? आधी पाहुणे. मग जावई. मग घरातले कर्ते पुरुष. बायका गोधडीवर नाहीतर वाकळेवर. आमच्या मोहल्ल्यात हेच होतं आणि पलीकडच्या पाटलांच्या वाड्यातही हेच होतं, याबाबतीत कुणी कुणाच्या मागे नव्हतं. ज्या बाईची कंबर दिवसभर वाकून वाकून गेली, तिच्या पाठीचं माप घ्यायला पिंजाऱ्याला कुणी सांगितलं नाही. ‘गादी कुणासाठी’ हा मामूचा प्रश्न बरोबर होता. त्याला मिळणारं उत्तर मात्र फार वेळा अर्धवट होतं.

आज बाजारात जी गादी सगळ्यात जास्त मिरवते, तिचं नाव हायब्रिड. आमच्या भागात हायब्रिड म्हटलं की डोळ्यापुढे ज्वारी येते किंवा कापूस येतो. जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस, एच-४, गुजरातेत सुरतेच्या संशोधन केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी १९७० साली दिला. तेव्हापासून हा शब्द आमच्या शेतकऱ्यांच्या तोंडी आहे. या गादीत बहुधा कापसाचं बोंडसुद्धा नसतं, पण शब्दाचा अर्थ तोच. दोन वाणांचे गुण एकत्र करायचे. खाली स्प्रिंगा आणि वर फोम किंवा लॅटेक्स, असा हा संकर. स्प्रिंगा आधार देतात, वरचा थर अंगाला टोचू देत नाही.

यातल्या स्प्रिंगा जुन्या पलंगाच्या करकरणाऱ्या स्प्रिंगांसारख्या नसतात. प्रत्येक स्प्रिंग वेगळ्या कापडी पिशवीत शिवलेली असते. ही युक्ती जुनी आहे. कॅनडातल्या जेम्स मार्शल यांनी १९०० च्या सुमारास ती काढली. स्प्रिंगा एकमेकींना तारेनं बांधलेल्या असल्या तर एक दबली की शेजारचीही ओढली जाते. पिशवीतली स्प्रिंग आपल्यापुरतीच दबते. त्यामुळे नवऱ्यानं कूस बदलली तरी बायकोची झोप मोडत नाही, आणि ऐंशी किलोच्या माणसाशेजारी पन्नास किलोचं माणूस उतारावर ठेवल्यासारखं घरंगळत नाही.

पण गादीकडे वळण्याआधी पाठीकडे वळू. आपला कणा हा काही सरळ बांबू नाही. त्याला वळणं आहेत. मानेशी एक, पाठीशी एक आणि कमरेशी एक. उभ्या माणसाची जी वळणं असतात, साधारण तीच आडवं झाल्यावरही राहावीत, एवढंच गादीनं करायचं असतं. शरीराचा सगळ्यात जड भाग म्हणजे कंबर आणि नितंब. उताणा माणूस मऊ गादीवर झोपला की तो भाग खाली खचतो, खांदे आणि पाय वर राहतात, आणि माणूस झोळीत टाकलेल्या पोरासारखा होतो. पोराला झोळीत बरं वाटतं, पन्नाशीच्या माणसाला नाही. उलट, गादी फरशीसारखी टणक असली तर पाठ फक्त खांद्यांवर आणि नितंबांवर टेकते. कमरेखाली पोकळी राहते, आणि ती पोकळी सावरायला तिथले स्नायू रात्रभर पहारा देतात. सकाळी अंग आंबतं ते त्यामुळे.

पालथं झोपणाऱ्यांची गोष्ट आणखी नाजूक. पोटावर झोपलं की पोट आणि ओटीपोट गादीत रुततं. गादी मऊ असेल तर कमरेचा बाक वाढतो, धनुष्याची तात ताणावी तसा कणा ताणला जातो. शिवाय श्वास घ्यायला मान एका अंगाला वळवावी लागते, ती रात्रभर तशीच. पोटावर झोपू नये, अशी ताकीद आमच्या घरात लहानपणीच मिळायची. शेजारच्या हिंदू घरांतही पोरांना याच कारणावरून धपाटा बसायचा. आजचे फिजिओथेरपिस्टही पालथं झोपणं पाठीला चांगलं नाही असंच म्हणतात. पण झोपेत माणूस कुणाच्या ताकिदी ऐकतो? पन्नास वर्षांची सवय ताकिदीनं जात नाही. अशा माणसाला निदान गादी तरी अशी हवी, की पोट रुतणार नाही. म्हणून पालथं झोपणाऱ्याला घट्ट गादी, उताण्याला घट्ट पण किंचित मायाळू गादी, आणि कुशीवर झोपणाऱ्याला खांदा व खुबा आत जाईल इतकी मऊ गादी, असा साधारण हिशेब आहे.

इथे ‘घट्ट’ शब्दावर थोडं थांबतो. आपल्याकडे कंबर दुखली की म्हणतात, फळीवर झोप. पूर्वी डॉक्टरही पुष्कळदा हेच सांगत. याची नीट परीक्षा स्पेनमध्ये झाली आणि तिचा निकाल २००३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. कमरेच्या जुनाट दुखण्याच्या ३१३ माणसांना नव्या गाद्या दिल्या. काहींना कडक, काहींना मध्यम घट्ट. कुणाला कोणती ते चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं, आणि आपल्याला कोणती मिळाली हे त्यांना सांगितलं नाही. ९० दिवसांनी पाहिलं, तर मध्यम घट्ट गादीवाल्यांचं अंथरुणातलं दुखणं, उठतानाचं दुखणं आणि दिवसभराची अडचण ही कडक गादीवाल्यांपेक्षा जास्त कमी झालेली होती. म्हणजे फळी नको आणि झोळीही नको. गादी घट्ट घ्यायची ती आधार देणारी, ठोसा देणारी नव्हे.

आता बाजार. बाजारात पहिला शब्द कानावर येतो तो ‘ऑर्थोपेडिक’. हा शब्द ऐकला की आपण डॉक्टरांची चिठ्ठी मिळाल्यासारखे निर्धास्त होतो. तसं निर्धास्त होऊ नका. गादीच्या खोळीवर तो शब्द बनवणारा स्वतःच छापतो. पुष्कळदा तशा गादीत फोमचे तुकडे दाबून, चिकटवून केलेला कडक थर असतो. तो वाईट असतो असं नाही, पण त्या शब्दाखाली काय भरलंय हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

काय भरलंय ते थरांनी विचारावं. सगळ्यात खाली काय? स्प्रिंगा किती इंच उंचीच्या? आठ-दहा इंची गादीत पाच-सहा इंच स्प्रिंगा असल्या तर आधार मिळतो. तार किती जाड? तारेची जाडी गेजमध्ये सांगतात आणि तिथे हिशेब उलटा असतो. आकडा लहान तर तार जाड. भारी माणसाला जाड तार हवी. मग वरचा थर किती आणि कशाचा? पालथ्या आणि उताण्या झोपणाऱ्यांसाठी मुख्य प्रश्न हाच आहे. वर चार इंच लुसलुशीत फोम असेल तर खाली पोलादी कारखाना असला तरी उपयोग नाही, पोट त्या चार इंचांतच रुतणार. असा थर दोन इंचांच्या आसपास असावा आणि तोही चिवट असावा.

मेमरी फोम हे नाव तुम्ही ऐकलं असेल. हा पदार्थ अमेरिकेच्या नासासाठी १९६० च्या दशकात विमानांच्या आसनांकरता निघाला. उबेनं तो मऊ होतो, अंगाच्या आकाराचा होतो आणि हळूहळू परत वर येतो. कुशीवर झोपणाऱ्यांना तो गोड वाटतो. पालथं झोपणाऱ्याला मात्र त्यात चिखलात पाय अडकावा तसं होतं, कूस बदलायला जोर लागतो. शिवाय तो उष्णता धरून ठेवतो. मे महिन्यात आमच्या विदर्भात रात्री भिंतीसुद्धा वाफा सोडतात, तिथे अंगाखाली आणखी एक तवा कशाला? लॅटेक्स म्हणजे रबराच्या चिकाचा फेस. आपल्याकडचं बरंचसं रबर केरळातलं. लॅटेक्स दाबलं की लगेच उसळतं, म्हणून आधार तुटत नाही आणि उलथंपालथं होणं सोपं जातं. महाग पडतं, वजनाला जड असतं, हे त्याचे दोष. आणि स्प्रिंगांच्या मधून हवा खेळते, हा हायब्रिड गादीचा आमच्यासारख्या उन्हाळी मुलखात मोठाच फायदा.

फोमच्या बाबतीत आणखी एक गफलत होते. विक्रेता सांगतो, बत्तीसचा फोम, चाळीसचा फोम. हा आकडा घनतेचा असतो, म्हणजे एका घनमीटरला किती किलो. घनतेवरून फोम किती वर्षं टिकेल याचा अंदाज येतो, तो किती घट्ट आहे याचा येत नाही. दाट फोम मऊही असू शकतो. आपण आकड्यांना भुलतो. पिंजारी रुई मुठीत दाबून पाहायचा, तसं इथेही शेवटी दाबूनच पाहावं लागतं.

काथ्याची गादी विसरून चालणार नाही. रबर मारलेल्या काथ्याच्या गादीवर आपली एक पिढी झोपली. ती घट्ट असते, स्वस्त असते, हवाही खेळते. पण काही वर्षांनी काथ्याचे तंतू मोडतात आणि नेमका मध्ये खड्डा पडतो. आमची जुनी गादी तशीच होती. खड्डा माझ्या बाजूला कमी आणि पत्नीच्या बाजूला जास्त होता. ती अंगानं माझ्यापेक्षा हलकी, पण पलंगाच्या त्याच बाजूला दिवसा मुलं बसत, पाहुणे बसत, धुतलेले कपडे घड्या करायला पडत. आपल्याकडे पलंग हा रात्री पलंग असतो आणि दिवसा बैठकीची खोली असतो. म्हणून गादीच्या कडा मजबूत हव्यात. हायब्रिड गादीच्या कडेला जाड तारेच्या स्प्रिंगा किंवा कडक फोमची पट्टी देतात, ती आहे का ते विचारावं. वडीलधारी माणसं कडेवर हात टेकूनच उठतात. कडा खचली की माणूस घसरतो.

माझी पत्नी तीस वर्षं शिलाई मशीनवर बसते. तिची कंबर दुखते आणि ती लहानपणापासून पालथी झोपते. मी उताणा झोपतो. आमच्यासारख्या जोडप्यांसाठीच आजचा विषय आहे म्हणा ना. आम्ही शहरातल्या एका मोठ्या दुकानात गेलो. विक्रेता तरुण होता, चुणचुणीत होता. त्यानं मला गादीवर आडवं व्हायला सांगितलं, मी झालो. त्यानं मला विचारलं, कसं वाटतंय सर? सर, बजेट किती? सर, वजन किती? माझी पत्नी शेजारी पर्स घेऊन उभी. तिला त्यानं एकच प्रश्न विचारला, मॅडम, कापडाचा रंग कोणता आवडेल?

पाठ तिची दुखत होती, श्रोतेहो.

मी म्हटलं, गादी यांच्यासाठी आहे, यांना दाखवा. आता पंचाईत अशी की ती पालथी झोपणारी. चारचौघांत, भर दुकानात, काचेपलीकडे रस्ता, बाईमाणसानं पालथं कसं पडायचं? ती गादीच्या कडेवर टेकली, दोन मिनिटं बसली आणि म्हणाली, ‘‘ठीक आहे, चला.’’ रिक्षात मी विचारलं, खरंच ठीक होती? ती म्हणाली, ‘‘बसायला ठीक होती. मी काय तिच्यावर बसून झोपणार आहे?’’

हे आमच्या एकट्याच्या घरचं नाही. गादी ही वस्तू झोपून पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि अर्ध्या गिऱ्हाइकांना दुकानात झोपून पाहण्याची सोय नाही. मग गादी पसंत करतो तो पैसे देणारा, आणि सोसते ती झोपणारी. दुकानदारांना माझी विनंती आहे की एक कोपरा आडोशाचा करा. एक पडदा लावायला असा किती खर्च येतो? चौथ्या दुकानात आम्हाला असा पडदा मिळाला. तिथे मालकाची आई गल्ल्यावर बसत होती. त्यांनी माझ्या पत्नीला आत नेलं, पडदा ओढला आणि मला म्हणाल्या, ‘‘भाऊ, तुम्ही बाहेर चहा घ्या, यांना वेळ लागेल.’’ पाऊण तासानं दोघी हसत बाहेर आल्या. तीन गाद्या पाहून झाल्या होत्या.

पडद्याआड पाहायचं काय, तेही सांगतो. आम्हाला एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी ते समजावलं होतं. चप्पल काढून, आपण घरी जसे झोपतो तसंच झोपायचं. निदान दहा-पंधरा मिनिटं. दोन मिनिटांत सगळ्याच गाद्या चांगल्या वाटतात. उताणं झोपणाऱ्यानं कमरेखाली तळहात सरकवून पाहायचा. हात सहज आरपार जात असेल, वर पोकळी राहत असेल, तर गादी फार कडक. हात शिरतच नसेल तर फार मऊ. थोडा दाब लागून हात सरकला तर बरोबर. पालथं झोपणाऱ्यानं सोबतच्या माणसाला बाजूनं पाहायला सांगायचं. खांदा, कंबर आणि पाय साधारण एका रेषेत आहेत का, की कमरेशी खळगा पडलाय? मग एकदा कूस बदलायची. फार खटपट करावी लागली तर गादी अंगाला धरतेय असं समजायचं. आणि जोडप्यानं एकत्र पाहायची असेल तर एकानं हालचाल करून दुसऱ्याला किती जाणवतं ते पाहायचं.

ज्यांना दुकान सोयीचं नाही त्यांच्यासाठी आता घरपोच गाद्या आहेत. गुंडाळी करून खोक्यातून येतात, उघडल्या की फुगतात. काही कंपन्या शंभर रात्री वापरून पाहायला देतात. बायकांच्या दृष्टीनं ही सोय चांगली, कारण परीक्षा आपल्या घरात, आपल्या खोलीत होते. पण अटी वाचाव्यात. गादी परत नेताना पैसे परत देणार की दुसरी गादीच देणार? नेण्याचा खर्च कुणाचा? डाग पडला तर? हमीपत्रातही मध्ये किती खोल खड्डा पडला तर गादी बदलून मिळेल हे लिहिलेलं असतं. आणि नव्या गादीवर पहिले काही दिवस अंग दुखू शकतं, शरीर जुन्या खड्ड्याला सरावलेलं असतं. म्हणून तीन-चार आठवडे दिल्याशिवाय निकाल देऊ नये.

आता थोडं गादीच्या खाली पाहू. पलंगच मध्ये खचलेला असेल तर वरची गादी काय करणार? सैल झालेल्या नवारीच्या पलंगावर स्प्रिंगांची गादी टाकू नये. खाली सपाट फळ्या हव्यात आणि फळ्यांमधल्या फटी अरुंद हव्यात. आपल्याकडे खाली सामान ठेवायचे पेटीचे पलंग फार. त्यांच्या प्लायवूडला हवेसाठी भोकं पाडलेली बरी, नाहीतर पावसाळ्यात गादीला खालून कुबट वास येतो. पलंगाचीही उंची धरून हिशेब करावा. दहा इंची गादी उंच पलंगावर टाकली तर आजीचे पाय जमिनीला टेकत नाहीत. कडेवर बसल्यावर पाऊल पुरतं टेकलं पाहिजे. आणि माप आधी घ्यावं. आपल्याकडे लांबी बहुधा ७२, ७५ किंवा ७८ इंच असते. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरं, पण उंच माणसानं पाय पाहून अंथरूण घेतलं तरी चालतं.

उशी हाही गादीचाच भाग समजा. उताण्याला मध्यम उशी, मानेखालची पोकळी भरेल इतकी. पालथ्याला अगदी पातळ, नाहीतर नकोच. उलट ओटीपोटाखाली एक पातळ उशी घेतली तर कमरेचा बाक कमी होतो. उताण्याला गुडघ्याखाली उशी घेतल्यानं आराम पडतो. हे फुकटचे उपाय आहेत. ज्यांना आज नवी गादी परवडत नाही, त्यांनी निदान एवढं आज रात्रीच करून पाहावं. कापसाची गादी असेल तर ती पुन्हा पिंजून, ठासून भरून घ्यावी. पिंजणारा मिळाला तर त्याला सांगावं, रुई जास्त, टाके जवळ. चांगली भरलेली कापसाची गादी अजूनही कुणापुढे मान खाली घालत नाही. तिची निगा मात्र वेगळी. तिला महिन्या-पंधरा दिवसांनी कडक ऊन दाखवायचं. लॅटेक्सला आणि फोमला कडक ऊन सोसत नाही, त्यांना सावलीतला वारा पुरे. हायब्रिड गादीचा मऊ थर बहुधा वरच्याच बाजूला असतो, ती उलटायची नसते. काही महिन्यांनी डोक्याची बाजू पायाकडे फिरवायची, एवढंच.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. तान्ह्या बाळाला मोठ्यांच्या मऊ गादीवर पालथं झोपवू नये. बाळाला घट्ट, सपाट अंथरुणावर, उताणंच झोपवावं, जवळ उशा-रजया ठेवू नयेत. श्वास कोंडण्याचा धोका खरा आहे. आणि दुसरं, पायाला मुंग्या येत असतील, पाय बधिर होत असेल, रात्री दुखण्यानं जाग येत असेल, तर आधी डॉक्टरांकडे जावं, गादीच्या दुकानात नंतर. गादी औषध नाही. आमच्याकडे नवी गादी आल्यावर पत्नीचं दुखणं पळालं, असं मी सांगणार नाही. तिचं मशीन सुटलेलं नाही, तर दुखणं कसं सुटेल? पण सकाळी उठताना पूर्वी ती भिंतीला धरून दोन मिनिटं उभी राहायची, ते आता थांबलं आहे. तिच्या दिवसातली ती दोन मिनिटं परत मिळाली, हे मी लहान मानत नाही.

आता पैशाचं बोलू. चांगली हायब्रिड गादी स्वस्त नाही. पण आपण दिवाणखान्यातल्या टीव्हीवर किती सहज खर्च करतो ते आठवून पाहा. टीव्ही चार पाहुण्यांना दिसतो, गादी चादरीखाली झाकलेली असते. आपल्या घरांत दिसणाऱ्या वस्तूंना नेहमीच आधी पैसे मिळाले आणि न दिसणाऱ्या दुखण्यांना नंतर. मध्यमवर्गी घरात सगळ्यांसाठी एकदम नव्या गाद्या येणं कठीण, हे मला कळतं. तेव्हा एकच यायची असेल, तर ती कुणाच्या पाठीखाली जावी याचा विचार एकदा सगळ्यांनी मिळून करावा. पाहुण्यांच्या खोलीत वर्षातून आठ दिवस वापरायची गादी कोरी करकरीत आणि घरातल्या आईची गादी खड्ड्याची, असं किती घरांत आहे ते आपलं आपण तपासावं.

आमचा मामू आता नाही. त्याच्या मुलांनी ते काम केलं नाही, एक जण तर गाद्यांच्या टेम्पोवर चालक आहे. यंत्रं आली, वाण बदलले, कापसाच्या जागी फोम आला, फोमच्या जोडीला पोलाद आलं. याचं मला फार दुःख नाही, काळाबरोबर अंथरूण बदलणारच. पण पिंजारी दारात उभा राहून जो पहिला प्रश्न विचारायचा, तो दुकानाच्या काचेआड हरवू नये असं वाटतं. आता तो विचारायला दारात कुणी येणार नाही. तो घरातल्यांनीच घरातल्यांना विचारायचा आहे. तू कशी झोपतेस? कुठे दुखतं? आज रात्री जेवणं झाल्यावर विचारून पाहा. उत्तर ऐकायला थोडा वेळ द्या, कारण हा प्रश्न पुष्कळ जणींना आयुष्यात पहिल्यांदाच विचारला जाणार आहे.